पऱ्हाटीचे राखणदार

सप्टेंबर संपत आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतात आम्ही सकाळी आठला पोचलो. रात्री पाऊस पडून गेलेला, काळी माती चपला सोडत नव्हती. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर गेलेली, पाती-फुलांनी लदलेली. शेताचे मालक पुढे चालत होते, चालता चालता एखादं पान उलटून बघत होते. एका झाडाशी ते थबकले.

"हे पाहा भाऊ, हे नवीच अळी आली औंदा. हिच्यासाठीच काल औषध आनून ठेवलं."

पानाच्या मागच्या बाजूला मावा दाटला होता. त्या गर्दीत नखाएवढी, काळपट, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, सुसरीच्या पिल्लासारखी दिसणारी एक अळी फिरत होती. मी खिशातलं भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एक डोळा मिटला, पान जवळ ओढलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. भिंगाखाली त्या अळीने एक मावा पुढच्या पायांत धरला होता. तिचा जबडा हलत होता आणि फुगलेला हिरवा मावा हळूहळू चपटा होत होता.

"अरे, हे तर खाऊन राह्यली त्याले!"

ती ढालकिड्याची अळी होती. लाल-नारिंगी पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो. त्याचं बालपण मात्र कोणी ओळखत नाही, आणि ही अळी कीड समजून फवारली जाते. दोन ओळी पलीकडे पानाच्या कडेला केसाइतक्या बारीक धाग्यांच्या टोकांवर पांढुरकी अंडी डुलत होती. ती क्रायसोपाची, म्हणजे जाळीदार हिरव्या पंखांच्या माशीची. निंदणाला आलेल्या एक काकू म्हणाल्या, "आमी तं हे बुरशी समजत होतो."

मग मालकांनी जो प्रश्न विचारला, त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. "भाऊ, पऱ्हाटी तं बीटी हाय. पानात, फुलात, सगळ्यात इख हाय म्हनतेत. मंग हे आपले किडे मरत नाईत का?"

जगभरच्या कीटकशास्त्रज्ञांनी गेल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रीतीने विचारला आहे. त्याचं उत्तर बांधावर उभं राहून एका वाक्यात देता येत नाही. पण उत्तर आहे, आणि ते कापूस पिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

विष कोणासाठी?

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत सापडणारा जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांनी तो रोगट रेशीमकिड्यांत पाहिला. पुढे जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात पिठातल्या पतंगाच्या अळीत तो बर्लिनर यांना सापडला आणि त्या प्रांताचं नाव त्याला मिळालं. हा जिवाणू स्फटिकाच्या रूपात प्रथिनं तयार करतो. अळीच्या अल्कलीयुक्त आतड्यात ती विरघळतात, तिथल्या पाचकरसांनी तुटून जागी होतात, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी कुलपात किल्ली बसावी तशी बसतात आणि पेशीला भोक पाडतात. अळीचं खाणं थांबतं आणि ती मरते.

इथे सगळं कुलपावर अवलंबून आहे. कपाशीत घातलेली क्राय१एसी आणि क्राय२एबी ही प्रथिनं पतंगवर्गातल्या अळ्यांच्या कुलपांना बसतात. ढालकिडा हा भुंगेरा, क्रायसोपा वेगळ्याच गणातला, कोळी तर कीटकही नव्हे. त्यांच्या आतड्यात ही किल्ली फिरू नये, असं शास्त्र आधीपासून सांगत होतं. पण फिरू नये आणि फिरत नाही, या दोन गोष्टींमधलं अंतर प्रयोगानेच भरून काढावं लागतं.

कारण मित्रकिडींपर्यंत हे प्रथिन पोचण्याच्या वाटा खऱ्या आहेत. ढालकिडे मावा नसेल तेव्हा पराग खाऊन तग धरतात. क्रायसोपाची अळी शिकारी असली, तरी तिची प्रौढ माशी पराग, मधुरस आणि माव्याच्या चिकट गोड द्रवावर जगते. ओरियस नावाचा इवलासा ढेकूण फुलकिडे खातो आणि फुलातले परागही. म्हणजे एक वाट परागाची. दुसरी वाट शिकारीची: पान खाल्लेली अळी खाल्ली, की तिच्या पोटातलं प्रथिनही पोटात गेलं.

झ्युरिकची अळी, कॉर्नेलचं फुलपाखरू

१९९८ साली स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकजवळच्या रेकेनहोल्झ संशोधन केंद्रातून एक निबंध आला आणि खळबळ उडाली. अँजेलिका हिलबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटी मक्यावर वाढलेल्या अळ्या क्रायसोपाच्या पिल्लांना खायला घातल्या. त्यांतली ६२ टक्के पिल्लं प्रौढ होण्याआधीच मेली. साध्या मक्यावरच्या अळ्या खाणाऱ्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. मित्रकिडी शिकारीच्या वाटेने मरते असं दाखवणारा आकडा पहिल्यांदाच समोर आला होता.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन लोसी यांनी परागाचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यांनी मिल्कवीड या रुईच्या कुळातल्या झाडाच्या पानांवर बीटी मक्याचे पराग भुरभुरवले आणि मोनार्क फुलपाखराच्या अळ्या त्यांवर सोडल्या. चार दिवसांत ४४ टक्के अळ्या मेल्या. साध्या मक्याचे पराग असलेल्या पानांवर एकही मेली नाही. मोनार्क हे अमेरिकेचं लाडकं फुलपाखरू. 'नेचर'मधल्या त्या छोट्याशा टिपणाने साऱ्या जगाचं लक्ष परागाकडे वळवलं.

या दोन्ही प्रयोगांना नंतर बरीच नावं ठेवली गेली. माझ्या मते त्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्यामुळेच शेतातल्या बाकीच्या जिवांची मोजदाद करणं भाग पडलं.

मोनार्कचं उत्तर २००१ मध्ये मिळालं. अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक गटांनी शेतात जाऊन पानांवर पडणारे पराग मोजले. 'इव्हेंट १७६' या मक्याच्या परागात प्रथिन फार जास्त होतं आणि ते खरोखर धोक्याचं होतं. बाकीच्या, जास्त पेरल्या जाणाऱ्या वाणांच्या परागात ते इतकं कमी होतं, की शेतातल्या प्रमाणात मोनार्कला धोका नगण्य ठरला. इव्हेंट १७६ पुढे बाजारातून गेला. त्यातून मिळालेला धडा मात्र कायमचा आहे: 'बीटी' हा एक शब्द पुरत नाही. कुठला जनुक, कुठल्या पिकात आणि झाडाच्या कुठल्या भागात किती, हे प्रत्येक वेळी नव्याने मोजावं लागतं.

उलटतपासणी

क्रायसोपाचं कोडं सुटायला जास्त वेळ लागला, आणि ज्या रीतीने ते सुटलं ती रीत समजून घेण्यासारखी आहे.

प्रश्न असा होता: पिल्लं विषाने मेली, की निकस अन्नाने? बीटी मका खाल्लेल्या अळ्या स्वतःच आजारी होत्या. आजारी, खंगलेली शिकार खाऊन शिकारी खंगला, तर दोष विषाचा म्हणायचा की उपाशीपणाचा?

२००२ मध्ये झ्युरिकच्याच केंद्रातल्या ॲना डटन आणि सहकाऱ्यांनी लाल कोळी कामाला घेतला. मक्याचं पान शोषणाऱ्या या कोळ्याच्या अंगात बीटी प्रथिन भरपूर साठतं, आजारी अळ्यांपेक्षाही जास्त. पण त्या प्रथिनाने कोळ्याला काही होत नाही, तो धडधाकट राहतो. असे विषाने भरलेले पण निरोगी कोळी क्रायसोपाच्या पिल्लांना दिले, तर पिल्लं नीट वाढली. आजारी अळ्या दिल्या, तेव्हा मात्र खंगली. माव्यात तर प्रथिन जवळजवळ सापडलंच नाही, कारण मावा ज्या नलिकांतला रस पितो तिथे ते येतच नाही. आपल्या शेतात ढालकिड्याचं मुख्य अन्न मावाच आहे, हे इथे लक्षात ठेवावं.

यापुढचा पुरावा कॉर्नेलमधून आला. अँथनी शेल्टन यांच्या गटाने बीटीला दाद न देणाऱ्या, प्रतिकारक्षम झालेल्या अळ्या घेतल्या. त्या बीटी पीक खाऊनही ठणठणीत राहतात आणि त्यांच्या पोटात प्रथिनही असतं. अशा अळ्या क्रायसोपाच्या एका जातीला खायला घातल्या. २०१३ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार क्राय१एसी, क्राय२एबी आणि क्राय१एफ यांनी तिचं काही बिघडवलं नाही. यातली पहिली दोन प्रथिनं आपल्या बोलगार्ड-२ कपाशीतलीच आहेत.

परागाची थेट परीक्षा २००८ मध्ये झाली. पराग खाणाऱ्या प्रौढ क्रायसोपांना बीटी मक्याचे पराग दिले गेले, त्यांत मुद्दाम त्या जहाल इव्हेंट १७६ चेही. माशा किती जगल्या, अंडी किती घातली, अंडी किती उबली, हे सगळं मोजलं. साध्या परागावरच्या माशांत आणि त्यांच्यात फरक निघाला नाही.

वाद एवढ्याने संपला नाही. २००९ मध्ये हिलबेक यांच्या गटाने दोन ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या अळ्यांना बीटी प्रथिन लावलेली अंडी दिली आणि त्यांतल्या जास्त अळ्या मेल्याचं नोंदवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीने एमओएन८१० या बीटी मक्याच्या लागवडीवर बंदी घातली. बंदीसाठी दिलेल्या कारणांत हा अभ्यासही होता. २०११ मध्ये दुसऱ्या गटाने वेगळ्या पद्धतीने तोच ढालकिडा तपासला, तेव्हा परिणाम दिसला नाही. मग पद्धतींवरून दोन्ही बाजूंनी लेखी भांडण झालं. मला ते भांडण निरोगी वाटतं. ज्या बियाण्यावर कोट्यवधी एकरांचं भवितव्य टांगलेलं असतं, त्याबद्दल एक प्रयोग पुरे मानणं म्हणजे शेतकऱ्याशी प्रतारणा आहे.

मग मालकांच्या प्रश्नाचं उत्तर काय? पतंगाच्या अळ्यांसाठी बनलेल्या या प्रथिनाने, परागाच्या वाटेने असो की शिकारीच्या, ढालकिडे आणि क्रायसोपा थेट मरतात असं बहुतेक पुरावा सांगत नाही. कपाशीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी जमेच्या आहेत. मक्याचा पराग वाऱ्यावर उडतो. कपाशीचा जड, काटेरी, चिकट, फुलातच बसून राहणारा. आणि त्यात क्राय१एसीचं प्रमाण पानांच्या मानाने फारच थोडं.

हे उत्तर पुढच्या बियाण्याला मात्र लागू होत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेल्या एका मक्यात बीटी प्रथिनांसोबत आरएनएचा तुकडाही वापरला आहे. मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याचा एक जनुक तो गप्प करतो. ढालकिडाही भुंगेराच. त्यामुळे अशा पिकांची परीक्षा ढालकिड्यांवर नव्याने घ्यावी लागली. उद्या आपल्याकडे काही नवं आलं, तर ती इथल्या ढालकिड्यांवर, इथल्या उन्हात आणि इथल्या पिकात व्हावी, ही मागणी शेतकऱ्याने हक्काने केली पाहिजे.

कशाशी तुलना?

बीटी शेतात मित्रकिडी कमी झाल्या की वाढल्या, असं कोणी विचारलं तर आधी उलट विचारावं: कोणाच्या तुलनेत? मिशेल मार्व्हिए आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये ४२ शेतप्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. रासायनिक फवारणी केलेल्या साध्या पिकाशी तुलना केली, तर बीटी शेतात निरुपद्रवी जीव जास्त होते. जिथे फवारणीच नव्हती अशा साध्या पिकाशी केली, तर काही गट बीटी शेतात थोडे कमी होते. तुलनेचा निकाल उलटला तो फवारणीने.

चीनमधला अभ्यास याहून मोठा. तिथल्या संशोधकांनी १९९० ते २०१० या काळात उत्तर चीनमधल्या ३६ ठिकाणी मोजदाद केली. बीटी कापूस आल्यावर फवारण्या घटल्या, तसे ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी वाढले, मावा कमी झाला आणि मित्रांची ही फौज शेजारच्या मका, भुईमूग, सोयाबीनमध्येही पोचली. त्याच चीनमध्ये दुसरीकडे फवारणी थांबल्याने मिरीड ढेकूण माजले, हेही त्यांनीच नोंदवलं. शेत हे असं एकमेकांत गुंतलेलं घर आहे, एका खोलीतलं सामान हलवलं की दुसऱ्या खोलीत आवाज होतो.

आपल्याकडे हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये शेतात केलेल्या मोजणीतही बीटी आणि साध्या कपाशीतल्या कोळी, ढालकिडे, क्रायसोपांत ठळक फरक दिसला नव्हता. फवारलेल्या वाफ्यांत मात्र ते विरळ होते.

फवारणी परत आली

२६ मार्च २००२ रोजी बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. ती देण्यामागचं आश्वासन फवारणी कमी होण्याचं होतं, आणि पहिली काही वर्षं बोंडअळीच्या फवारण्या खरोखर घटल्या. २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. पाहता पाहता देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशीवर बीटीचा शिक्का बसला.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची. ती कडेने पेरायची, म्हणजे काही बोंडअळ्या विषाला न सरावता जगतील आणि प्रतिकारक्षम अळ्यांशी त्यांचा संकर होऊन प्रतिकार पातळ राहील, असा हिशेब होता. किती धुऱ्यांवर ती पुडी खरंच पेरली गेली, हे कुठल्याही गावात विचारा. बहुतेक जण खाली बघतील. त्यांना दोष देण्याआधी, ती पुडी कशासाठी आहे हे त्यांना कोणी समजावून सांगितलं होतं, तेही विचारा. त्यात लांब मुदतीचे संकरित वाण आले, आणि फरदड ठेवून, म्हणजे वेचण्या झाल्यावरही पीक न उपटता, कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा राहू लागला. कपाशीवरच जगणाऱ्या गुलाबी बोंडअळीला वर्षभराचं घर मिळालं. तिने आधी एका जनुकावर मात केली, मग दोन्ही जनुकांवर. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्यांनी, म्हणजे बोंडअळी आत शिरलेल्या मिटल्या फुलांनी, शेतं भरली.

त्याच वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यांत भरती होते. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दोन-तीन औषधांची एकत्र मिसळ, घामेजलेलं अंग आणि तोंडावर उलटणारा फवारा. माणसं जिथे तगली नाहीत, तिथे मुगाएवढ्या ढालकिड्याचं काय झालं असेल, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये भारतातल्या बीटी कपाशीच्या दोन दशकांचा ताळेबंद मांडला. बीटी येण्यापूर्वी शेतकरी कीटकनाशकांवर जेवढा खर्च करत होता, त्याहून जास्त तो आता करतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बोंडअळीची फवारणी गेली, तर तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांची आली. आणि शेवटी बोंडअळीचीही परत आली.

म्हणून मला वाटतं, पराग निर्दोष सुटला आणि मित्रकिडी तरीही मेल्या. पराग हे दार आपण वीस वर्षं निरखून पाहिलं. मारेकरी पाठीवरच्या पंपातून आला.

मोजायचं कसं?

मित्र राहिले तर काय होतं, हे याच मातीने पाहिलं आहे. २००६ नंतर पिठ्या ढेकणाने देशभर कपाशी पांढरी केली होती. जहाल औषधांचे फवारे झाले, तरी त्याच्या मेणचट थराखाली तो सुखरूप. त्याला आवरलं एका इवल्या परोपजीवी माशीने, जी कोणी मुद्दाम सोडलेली नव्हती. अलिगढच्या मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये एनासियस या प्रजातीतली नवी जाती म्हणून तिची नोंद केली. जिथे फवारे थांबले, तिथे तिने आपलं काम चोख केलं.

मित्रकिडी सगळं करतील, असं मात्र नाही. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली, की ढालकिडा तिला काही करू शकत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावायचे, डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या, वेचण्या आटोपताच पऱ्हाटी उपटायची आणि फरदडीचा मोह सोडायचा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग येईपर्यंत औषधाला हात लावायचा नाही. पण पिकाचे पहिले दोन महिने, जेव्हा मावा आणि तुडतुडे येतात, तेव्हा राखण मित्रांकडेच असते. धुऱ्यावर चवळी-मका असेल, तर त्यांना थारा मिळतो. पाच टक्के निंबोळी अर्काने भागत असताना जहाल औषध मारणं, म्हणजे चोर यायच्या आधी राखणदाराला हाकलणं.

त्या सकाळी आम्ही पाच जागी मिळून वीस झाडं पाहिली. मालक पानं उलटायचे, काकू वहीत रेघा मारायच्या. मावा बारा झाडांवर होता. त्या बारांपैकी नऊ झाडांवर ढालकिडे, त्यांच्या अळ्या नाहीतर क्रायसोपाची अंडी होती. ढालकिड्याची एक अळी वाढीच्या काळात शेकडो मावे खाते, हे मी सांगितलं. मालक त्या रेघांकडे बघत राहिले.

"म्हंजे आपले मानसं कामावर हायेत," ते म्हणाले. "अन् आपन त्यायच्यावर फवारत होतो."

औषधाची बाटली घरी कोठ्यात होती. ती ते परत करणार की ठेवून देणार, हे मी विचारलं नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ज्याच्या पिकाचे दोन महिने अजून बाकी आहेत, त्याच्याकडून वचन मागायचा मला अधिकार नाही. निघताना त्यांनी भिंग मागून घेतलं. काकूंनी वहीच्या मागच्या पानावर त्या अळीचं चित्र काढलं, ठिपक्यांसकट, शेजारणीला दाखवायला.

बांधावर येऊन मी मागे वळून पाहिलं. मालक पुन्हा त्या पहिल्या झाडाशी गेले होते. त्यांनी दोन बोटांनी पान अलगद उलटलं, वाकून पाहिलं, आणि जसं होतं तसं परत ठेवलं.